ॲझोस्पिरिलम लावलेल्या ज्वारीची मुळं वेगळी का दिसतात?

मालदांडी | १४ ऑक्टोबर, रात्री ९:१०

राम राम मंडळी.

रब्बी ज्वारीची विरळणी चालू आहे. यंदा सगळ्या बियाण्याला नेहमीसारखं गंधक चोळलं, किलोला ४ ग्रॅम, काणी येऊ नये म्हणून. त्यातल्या अर्ध्या बियाण्याला वरून ॲझोस्पिरिलम या जिवाणू खताचं पाकीट लावलं. किलोला २५ ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत सुकवून लगेच पेरलं. जमीन एकच, भारी काळी. खत सारखं, पाभर एकच, पेरणारा माणूसही एकच.

उभ्या पिकात बघितलं तर दोन्ही पट्ट्यांत काडीचा फरक नाही. उंची तीच, हिरवेपणा तोच. पण उपटलेली रोपं बांधावर शेजारी शेजारी टाकली तेव्हा नजर अडकली. पाकीट लावलेल्या रोपांच्या मुळांना माती धरून आली होती, झटकली तरी पडेना. बादलीत धुवून पाहिली तर मुख्य मुळाला बारीक फुटवा जास्त आणि त्यावर पांढरी दाट लव. दुसऱ्या पट्ट्यातली मुळं मोकळी, सुतासारखी सरळ.

आता माझा प्रश्न. पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलंय, "हवेतील नत्र स्थिर करणारे जिवाणू". नत्र मिळालं असतं तर पान काळंभोर व्हायला पाहिजे होतं. पान आहे तसंच, आणि मुळं मात्र वाढली. हे कसं काय? कुणी अभ्यासू माणूस असेल तर सांगा.

बांधावरून | १४ ऑक्टोबर, रात्री ९:३२

सोपं आहे. त्या अर्ध्या रानात ओल जास्त असेल. आमच्या गावात ही पाकिटं फुकट वाटतात, निम्मी गोठ्यातल्या खुंटीला तशीच लटकलेली असतात. कुणाच्या सोयाबीनला त्यानं एक पोतं जास्त झालेलं मी तरी पाहिलं नाही.

मालदांडी | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

पट्टे उताराच्याच दिशेनं पाडलेत, वरपासून खालपर्यंत. ओलीचा फरक असता तर दोन्ही पट्ट्यांत सारखा आला असता. एवढं तरी डोकं चालवलंय हो.

पेट्रीडिश | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

मालदांडी दादा, तुमची बादली मला फार आवडली. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल, पण प्रश्न तसाच आहे.

पाकिटावरचं वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. ॲझोस्पिरिलम हवेतला नत्र स्थिर करतो, हे खरं. हा जिवाणू डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी १९२५ साली वर्णन केला होता, तेव्हा त्याचं नाव स्पिरिलम लिपोफेरम. मग तो जवळजवळ विस्मरणात गेला. १९७०च्या दशकात ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर यांना तो गवताच्या आणि मक्याच्या मुळांवर भरपूर सापडायला लागला आणि जगभर एकच गडबड उडाली. कडधान्यांना मुळावरच्या गाठीतून नत्र पुरवणारा रायझोबियम आहे, आता तृणधान्यांनाही आपला नत्रवाला मिळाला, युरियाची कटकट गेली, असं लोकांना वाटलं. ॲझोस्पिरिलम हे आजचं नाव १९७८चं. खतांच्या पाकिटांवरची भाषा त्या उत्साहाच्या काळातली आहे आणि ती तिथेच थांबली आहे.

अडचण अशी निघाली की हा जिवाणू नत्र स्थिर करतो तो मुख्यतः स्वतःपुरता. रायझोबियमसारखी गाठ नाही, झाडाशी थेट जोडणी नाही. जिवंत असेपर्यंत झाडाच्या हातात फार थोडं पडतं. तरीही पीक सुधारलेलं दिसायचं. मग नेमकं काय मिळतंय?

याचं पहिलं चांगलं उत्तर आलं ते बाजरीवर. १९७९ साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या तिघांनी बाजरीची रोपं नुसत्या पोषक द्रावणात वाढवली आणि त्यात ॲझोस्पिरिलम सोडला. आडवी मुळं वाढली आणि प्रत्येकावर मूळकेसांची दाट लव आली. तुम्ही बादलीत पाहिलंत तेच. मग त्यांनी जिवाणू बाजूला ठेवला आणि शुद्ध संप्रेरकं, म्हणजे झाडाची वाढ ठरवणारी हार्मोन्स, देऊन पाहिली. जिबरेलिननं आडवी मुळं वाढली. सायटोकायनिननं लव वाढली, पण मुख्य मूळ आखूड झालं. ऑक्सिन, जिबरेलिन आणि सायटोकायनिन तिन्ही मिळून दिल्यावर जिवाणूनं केली होती तशी मुळं तयार झाली. जिवाणूच्या द्रावणात ही तिन्ही प्रकारची द्रव्यं सापडलीही, त्यात जिबरेलिन अगदी थोडं.

यातला म्होरक्या ऑक्सिन, म्हणजे इंडोल ॲसेटिक ॲसिड. आपण लॅबमध्ये आयएए म्हणतो. झाड स्वतः तो बनवतंच, पण हा जिवाणूही बनवतो. मुळातून जे रस पाझरतात त्यात ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल असतं, ते घ्यायचं आणि त्याचा आयएए करून बाहेर सोडायचा, असा याचा कारभार. मुळं फुटली की पाझर वाढतो, पाझर वाढला की जिवाणूचं जेवण वाढतं. दानधर्म नाही, व्यवहार आहे.

आणि हे नुसतं अनुमान नाही. नत्र स्थिर करण्याची क्षमता मोडलेले ॲझोस्पिरिलम लावले तरी रोपं सुधारतात. उलट, आयएए बनवणारा मुख्य जनुक (आयपीडीसी) मोडला की आयएए जेमतेम दहावा हिस्सा उरतो. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठात १९९९ साली गव्हावर हेच करून पाहिलं, तर मूळ आखूड होणं आणि लव वाढणं हा परिणाम नाहीसा झाला.

म्हणून तुमचं पान तसंच आणि मुळं वेगळी. काळ्या रानात साठलेल्या ओलीवर उभ्या राहणाऱ्या ज्वारीला मी तरी पानापेक्षा मुळालाच जास्त मार्क देईन.

द्राक्षबाग | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

मॅडम, जबरदस्त. आम्ही नाशिककडची माणसं संजीवकं कोळून प्यायलेली. ऑक्टोबर छाटणी झाली की घड पोपटी रंगावर आल्यावर जीए (जिबरेलिक ॲसिड) १० पीपीएम, मग मणी धरले की डिपिंग, म्हणजे घड त्याच द्रावणात बुडवायचे. जीएची पावडर पाण्यात विरघळत नाही म्हणून आधी ॲसिटोनमध्ये, पाण्याचा सामू साडेपाच-सहावर आणायचा, हे आमच्याकडे शाळकरी पोरगंही सांगेल. तर माझा सरळ प्रश्न. आयएए एवढा कामाचा असेल तर तोच आणून मुळाला द्यावा. जिवाणू जगवा, गूळ कालवा, सावली शोधा, हा उपद्व्याप कशाला?

पेट्रीडिश | १५ ऑक्टोबर, दुपारी १:२०

तुमच्या जीएची कुंडलीही अशीच आहे बरं का. जपानमध्ये भाताची रोपं एका रोगात उंच, फिकी होऊन लोळायची. १९२६ साली कुरोसावा यांनी दाखवलं की हे एका बुरशीच्या स्रावामुळे होतं. पुढे त्या स्रावातलं द्रव्य वेगळं काढलं, तेच जिबरेलिन. म्हणजे तुमच्या घडावर जे मारता ते मुळात सूक्ष्मजीवानं झाडाला लावलेलं वेड आहे.

आता प्रश्नाकडे. तीन अडचणी. आयएए प्रकाशात टिकत नाही, आणि मातीतले बाकीचे जिवाणू तो खाऊन टाकतात. एकदा ओतून काम होत नाही, थोडा थोडा, सतत आणि मुळाच्या सालीवरच मिळायला हवा.

सगळ्यात मोठी अडचण प्रमाणाची. खोडापेक्षा मूळ ऑक्सिनला कितीतरी पट हळवं. अत्यल्प मात्रेत ते वाढतं, मात्रा थोडी चढली की लांब व्हायचं थांबतं आणि आडवं फुटायला लागतं, अजून चढली की सगळंच थांबतं. २,४-डी हे तणनाशक तुम्हाला माहीतच आहे. ते कृत्रिम ऑक्सिन आहे. झाडाला ते पचवून संपवता येत नाही, वाढीचा हुकूम सुटतच राहतो आणि रुंद पानाचं तण वेडंवाकडं होऊन मरतं. मात्रा बदलली की एकाच घराण्यातली दोन द्रव्यं औषध आणि तणनाशक होतात.

जिवाणू मुळावर बसून कमी-जास्त करत राहतो, आणि मुळाचा पाझर आटला की त्याचंही उत्पादन आटतं. बाटलीला हे जमत नाही.

बांधावरून | १५ ऑक्टोबर, दुपारी १:५५

२,४-डीचं नाव काढू नका. बाजूच्या रानात कुणीतरी वाऱ्याच्या दिवशी मारलं होतं, आमच्या कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली झाली. पंप न धुता वापरला तरी तेच होतं. ते ऑक्सिन आहे हे मात्र आज कळलं.

गुऱ्हाळ | १५ ऑक्टोबर, सायंकाळी ७:१०

आमच्याकडं उसाला ॲसिटोबॅक्टर वापरतात की. बेणं आधी बुरशीनाशकाच्या पाण्यातनं काढायचं, ते निथळलं की ॲसिटोबॅक्टर १० किलो आणि स्फुरद विरघळवणारे सव्वा किलो १०० लिटर पाण्यात, अर्धा तास बुडवून ठेवायचं. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटवाले, राहुरीवाले, सगळे हेच सांगत्यात. मी गेली काही वर्षं करतोय. उगवण एकसारखी येते आणि फुटवं लवकर धरतात, हे खरं. शिफारशीत म्हटलंय की नत्र निम्म्यानं कमी करा. ते धाडस काय होत नाही बुवा. मॅडम, ह्यो बी हार्मोनवालाच का?

पेट्रीडिश | १५ ऑक्टोबर, रात्री ९:००

हो, तोही बनवतो. हाही ब्राझीलचाच, १९८८ साली उसातच सापडला, आणि त्या कामातही डोबेराइनर होत्याच. फरक इतका की तो मुळाबाहेर न बसता उसाच्या आत राहतो, साखरेत आणि आम्लात मजेत जगतो. त्यामुळे नत्राच्या बाबतीत त्याची बाजू ॲझोस्पिरिलमपेक्षा भक्कम आहे. पण उगवण एकसारखी येणं, फुटवे लवकर धरणं हे तुम्ही सुरुवातीच्या दिवसांत पाहता, त्यात आयएए आणि जिबरेलिनचा हात असणारच.

युरियाचं म्हणाल तर तुमची भीती मला रास्त वाटते. सगळ्या रानात एकदम निम्मं करू नका. चार सऱ्या कमी देऊन बघा, त्या वेगळ्या तोडा, वेगळ्या वजन करा. आणि बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी, हा क्रम तुम्ही पाळता तो कधी उलटा करू नका.

शेणामाती | १५ ऑक्टोबर, रात्री १०:४५

एवढी वर्षं आम्ही जीवामृत सांगतोय तेव्हा हसत होते. देशी गाईचं १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, २०० लिटर पाणी. झाले की तुमचे सगळे जिवाणू. पाकीट कशाला आणि परदेशी संशोधन कशाला?

बांधावरून | १५ ऑक्टोबर, रात्री ११:०२

झालं, आलेच.

पेट्रीडिश | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

हसायचं कारण नाही. बेसन म्हणजे प्रथिन, प्रथिनात ट्रिप्टोफॅन, आणि ट्रिप्टोफॅनचा आयएए करणारे जिवाणू शेणात आणि मातीत असतातच. गूळ त्यांचं इंधन. रसायनशास्त्र म्हणून पाककृती बिनचूक जुळते. मूत्राबद्दलही एक गंमत सांगते. १९३४ साली कोगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयएए हा ऑक्सिन म्हणून पहिल्यांदा ओळखला तो माणसाच्या मूत्रातून!

पण शेणामाती दादा, त्या ड्रममध्ये कोण वाढतंय हे तुमच्या हातात नाही. आज चांगले वाढले, पुढच्या खेपेला ऊन जास्त लागलं, ढवळायचं राहिलं, तर वेगळेच वाढतील. आयएए बनवणारे सगळे सज्जन असतात असंही नाही. द्राक्ष-गुलाबाच्या बुंध्यावर गाठी आणणारा ॲग्रोबॅक्टेरियम हा ऑक्सिन आणि सायटोकायनिन बनवायचे जनुकच झाडाच्या पेशीत घुसवतो, म्हणून तिथे गाठ सुजते. पाकिटाचा फायदा एवढाच की आत कोण आहे आणि किती आहे हे लिहिलेलं असतं. लिहिलेलं खरं आहे का, हा पुढचा प्रश्न.

जीवामृत चांगलं की वाईट यावर या धाग्यात भांडू नये, ही विनंती. त्याचे धागे आहेत.

एमएस्सी_मायक्रो | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

मॅडमच्या पोस्टवर +१. आमच्या प्रॅक्टिकलला ज्वारीच्या मुळांतूनच ॲझोस्पिरिलम काढायला सांगतात. मूळ धुवून त्याचे तुकडे अर्धवट घट्ट माध्यमात टाकायचे. हलवायचं नाही. दोन-तीन दिवसांनी पृष्ठभागाच्या किंचित खाली पांढरी चकती धरते. त्याला प्राणवायू लागतो पण थोडाच, म्हणून तो बरोबर त्या पातळीला जाऊन बसतो. माध्यम हिरवट असतं ते निळं होतं.

मग आयएएची चाचणी. ट्रिप्टोफॅन घालून जिवाणू वाढवायचे, गाळून घेतलेल्या द्रवात साल्कोव्हस्की अभिकर्मक (फेरिक क्लोराइड आणि तीव्र आम्ल) टाकायचा आणि अंधारात ठेवायचं. गुलाबी झालं की आयएए आहे. माझी नळी एवढी गर्द गुलाबी आली की सरांनी फोटो काढला. :)

म्हणजे जितका गर्द गुलाबी तितका चांगला जिवाणू, असं धरायचं ना?

पेट्रीडिश | १६ ऑक्टोबर, दुपारी २:१०

नाही रे बाबा, आणि हे प्रबंधात लिहू नकोस. मातीतून काढलेल्या जिवाणूंतले अर्धेअधिक ट्रिप्टोफॅन घातल्यावर गुलाबी देतात. तू चमचाभर ट्रिप्टोफॅन ओतलास, रानात मूळ तेवढं देत नाही. शिवाय अभिकर्मक आयएएशिवाय त्याच्या भावकीतल्या इतर इंडोल द्रव्यांनाही रंग देतो. त्यात वर प्रमाणाचं सांगितलंच आहे. फार जास्त बनवणारा जिवाणू मूळ खुंटवूही शकतो. रोप लावून मुळं मोजलीस तरच काही कळेल. मालदांडी दादांची बादली तुझ्या नळीपेक्षा वरचढ आहे.

आपल्याकडे दरवर्षी कितीतरी प्रबंध या गुलाबी रंगावर थांबतात. जिवाणू काढला, रंग आला, कुंडीत मुगाचं रोप लावलं, फोटो, संपलं. ते शेतात जात नाही, गेलं तर दोन हंगाम टिकत नाही. माझ्याच क्षेत्राबद्दल बोलतेय, तेव्हा राग आला तर येऊ दे.

बांधावरून | १६ ऑक्टोबर, दुपारी ३:००

तेच तर म्हणतोय मी पहिल्यापासून. मुळं झाली, नळ्या झाल्या. उतारा सांगा. पोत्यात किती पडलं?

पेट्रीडिश | १६ ऑक्टोबर, रात्री ८:५०

घ्या उतारा. ओकोन आणि लाबांदेरा-गोंझालेझ या दोघांनी १९९४ साली जगभरच्या २० वर्षांच्या शेतातल्या ॲझोस्पिरिलम चाचण्या एकत्र तपासल्या. ६० ते ७० टक्के चाचण्यांत फायदा दिसला, आणि दिसला तिथे तो ५ ते ३० टक्क्यांच्या घरात. म्हणजे दहातल्या तीन-चार जणांना काहीच मिळालं नाही. तुमच्या गावातले लोक त्या तीन-चारांत असू शकतात, आणि पाकीट खुंटीला लटकवलं तर नक्कीच असतील.

दुसरं ब्राझीलचं. तिथल्या सरकारी सोयाबीन संशोधन केंद्रातल्या मारियांजेला उंग्रिया यांनी ॲझोस्पिरिलमचे बरेच वाण चाळून निवडक घेतले आणि २०१० साली निष्कर्ष दिले, मक्यात २४ ते ३० टक्के, गव्हात १३ ते १८ टक्के वाढ. त्यांनी स्वतःच लिहिलं की ही वाढ खास नत्र स्थिरीकरणामुळे नाही, पीक एकूणच जास्त अन्नद्रव्यं उचलतं म्हणून आहे. मुळं जास्त, तर उचल जास्त. त्यातले एबी-व्ही५ आणि एबी-व्ही६ हे वाण तिकडे सर्रास वापरात आहेत. उंग्रियाबाईंना २०२५चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आणि बांधावरून दादा, खास तुमच्यासाठी. ब्राझीलचे शेतकरी सोयाबीनला नेहमीच्या ब्रॅडीरायझोबियमबरोबर (सोयाबीनचा रायझोबियम) ॲझोस्पिरिलमही लावतात. सोयाबीनला नत्र पुरवणारा आधीच आहे, मग हा कशाला? तर लव वाढवायला. रायझोबियम मूळकेसातूनच आत शिरतो. केस जास्त तर दारं जास्त, गाठी लवकर आणि भरपूर.

एक सावधगिरी. ते त्यांचे निवडलेले वाण, त्यांच्या मातीतले. आपल्याकडे दुकानात मिळणारं पाकीट त्याच वाणाचं असेल असं नाही. टक्केवारी तिकडची उचलून इकडे लावू नका.

बांधावरून | १६ ऑक्टोबर, रात्री ९:२०

हे मात्र डोक्यात बसलं. सोयाबीनच्या गाठी आम्ही कधी उपटून बघितल्याच नाहीत. बघायच्या तर कशा?

गुऱ्हाळ | १६ ऑक्टोबर, रात्री ९:३५

फुलोऱ्याच्या सुमाराला कुदळीनं उकरून काढायचं, ओढून उपटायचं न्हाई, गाठी मातीतच राहतात. गाठ नखानं फोडायची. आत लालसर-गुलाबी असली तर काम चालू, पांढरी किंवा हिरवट असली तर नुसती शोभेची.

कृषीसेवावाला | १७ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

दुकानदाराच्या बाजूनंही दोन शब्द. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे पावडरमधल्या पाकिटात ग्रॅमला निदान ५ कोटी आणि लिक्विडमध्ये मिलीला १० कोटी जिवंत जिवाणू पाहिजेत, मुदत संपेपर्यंत. कारखान्यातून निघताना असतात. पण माल मे महिन्यात ट्रकमध्ये, मग पत्र्याच्या गोदामात, मग शोकेसमध्ये उन्हात. एप्रिल-मेमध्ये आमच्या मराठवाड्यात पत्र्याखाली हात लावायची सोय नसते. मी स्वतः जिवाणू खतं मागच्या खोलीत माठाजवळ ठेवतो आणि मृगाच्या तोंडावरच मागवतो. सगळे ठेवतात असं नाही. गिऱ्हाईकही तारीख बघत नाही, किंमत बघतं.

आता दुसरी गोष्ट, थोडी नाजूक. "जैविक संजीवक", "मुळांचा राजा" वगैरे नावाच्या बाटल्या येतात. फवारली की तिसऱ्या दिवशी पीक तरारतं. शेतकरी खूश, पुन्हा तीच मागतो. जिवाणू असा तिसऱ्या दिवशी कधी दिसत नसतो. आत काय असतं ते कंपनीला माहीत. जीएसारखी संजीवकं कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी करून, लेबलवर लिहून विकायची असतात. जैविकच्या नावाखाली न सांगता मिसळणं गुन्हा आहे. २०२१पासून जैव उत्तेजकंही खत नियंत्रण आदेशात आणली आहेत, त्यामुळे नोंदणीचा कागद मागा. एका एजंटाला मी कागद मागितला तर म्हणाला, "साहेब, माल बघा, कागद काय बघता." त्याला चहा पाजून परत पाठवला.

द्राक्षबाग | १७ ऑक्टोबर, सकाळी १०:५०

अनुमोदन. आमच्याकडे निर्यातीच्या बागेत असली बाटली म्हणजे घात. आपण लिहून ठेवतो एक, नमुन्यात निघतं दुसरंच, आणि कंटेनर अडकल्यावर बाटलीवाला फोन उचलत नाही.

गच्चीवरची | १७ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

वाचतेय, मस्त धागा. मी ठाण्यात गच्चीवर टब लावते. दोन बाळबोध प्रश्न. नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने हे जिवाणू मरतात का? आणि गुलाबाच्या काड्यांना मुळं फुटायची पावडर लावते त्याऐवजी हे चालेल का?

पेट्रीडिश | १७ ऑक्टोबर, रात्री ८:१५

ताई, कालवायचं पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवा, पुरे. एकदा मातीत गेल्यावर नळाच्या पाण्यानं फारसं बिघडत नाही, मातीतला सेंद्रिय अंश क्लोरीन लगेच संपवतो.

काड्यांची पावडर म्हणजे आयबीए, आयएएचाच टिकाऊ भाऊ. डाळिंबाच्या गुटीला लावतात तेच. काडीला मूळच नसतं, नवं फोडायला चांगला दणका लागतो. तो जिवाणू देऊ शकत नाही. काडीला पावडर, आणि मुळं फुटून टबात लावताना जिवाणू.

मालदांडी | १७ ऑक्टोबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. दोन्ही पट्ट्यांची कणसं वेगळी मोडून वेगळी मळणार, धाग्यावर वजन टाकीन. मॅडम, एकच शंका. पुढं ओल तुटल्यावर याचा उपयोग राहतो का? आमचं खरं दुखणं दाणा भरताना सुरू होतं.

पेट्रीडिश | १८ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

मूळ आधीच खोल आणि फाटेदार गेलं असेल तर त्याचा फायदा शेवटपर्यंत राहतो. पण दाणा भरताना नवीन जिवाणू ओतून काही होणार नाही, कोरड्या मातीत तो हलतही नाही. याचं काम बियाण्यापाशी, पहिल्या काही आठवड्यांत.

तुमच्या दुखण्यावर दुसरं एक घराणं आहे. ताण पडला की झाड इथिलीन बनवतं, तेही संप्रेरकच. इथिलीन वाढलं की मूळ थांबतं आणि पान लवकर पिकतं. ते ज्या कच्च्या मालापासून बनतं त्याला एसीसी म्हणतात. काही स्यूडोमोनस आणि इतर जिवाणूंकडे हे एसीसी फोडायचं विकर (एन्झाइम) असतं. मुळातून पाझरलेलं एसीसी ते खातात, त्यातून स्वतःला अमोनिया मिळवतात आणि झाडातलं इथिलीन आटोक्यात राहतं. कॅनडातल्या बर्नार्ड ग्लिक यांनी १९९८ साली ही मांडणी केली. म्हणजे एक जिवाणू संप्रेरक देऊन मूळ वाढवतो, दुसरा संप्रेरकाचा कच्चा माल पळवून तेच साधतो. कुंडीत याचे निकाल सुरेख येतात. ज्वारीच्या कोरडवाहू रानात तितकेच येतील असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पुढच्या वर्षी तिसरा पट्टा पाडा. तेव्हा पाकिटावर स्यूडोमोनस लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, विकराचं पुरवठादाराला स्पष्ट विचारा.

बांधावरून | १८ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

गोठ्यातून खुंटीवरची पाकिटं काढली. एक रायझोबियम, दोन ॲझोस्पिरिलम. एक मागच्या वर्षीचं आहे, बाकी दोन्हींची मुदत डिसेंबरपर्यंत. हरभरा पेरायचाय. लावू का?

कृषीसेवावाला | १८ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

रायझोबियमवर पीक कोणतं लिहिलंय ते आधी बघा. सोयाबीनचं असेल तर हरभऱ्याला चालत नाही, हरभऱ्याचं वेगळं येतं. ॲझोस्पिरिलम पिकाला बांधलेलं नसतं. मुदत असली तरी खुंटीवर उन्हाळा काढलेल्या पाकिटाचा भरवसा मी देणार नाही. ती तिन्ही ओलसर शेणखतात मिसळून टाका, गेलं तर काही जात नाही. बियाण्याला ताजं घ्या. सोमवारी हरभऱ्याचा माल येतोय.

बांधावरून | १८ ऑक्टोबर, सकाळी ८:४४

सोयाबीनचंच निघालं. सोमवारी येतो. अर्ध्याच बियाण्याचं घेणार, आधीच सांगून ठेवतो.